सुट्टी?

‘उद्या शाळांना सुट्टी? जिल्हाधिकाऱ्यांचा मोठा निर्णय!’ काल रात्री सव्वादहाला मोबाईलवर हे आलं आणि मी, चांगली शिकलीसवरलेली बाई, त्यातलं प्रश्नचिन्ह गिळून झोपले. डब्याची भाजी चिरली नाही, गणवेशाला इस्त्री नाही, गजर बंद. सकाळी कोथरूडात लख्ख ऊन आणि शाळेतून फोन: “गणिताची चाचणी आहे, आला नाही का?”

मग ती बातमी शेवटपर्यंत वाचली. म्हणजे आधी तीन जाहिराती हाकलल्या. ती बारीकशी फुली कधी म्हणून बोटाखाली सापडत नाही, दोनदा भलत्याच गाद्यांच्या दुकानात जाऊन आले. मग ‘नेमकं काय घडलं? वाचा सविस्तर’. मग यंदा पाऊस कसा जोरदार आहे त्याचं पुराण. आणि पार तळाशी, जिथे चिटपाखरू फिरकत नाही, तिथे एक ओळ: रेड अलर्ट घाटमाथ्याला, सुट्टी मावळ-मुळशीच्या शाळांना. अहो, मग वर ‘मावळ-मुळशी’ लिहायला काय शाई सांडणार होती? फोटो तर उधाणलेल्या समुद्राचा. पुण्याच्या बातमीला समुद्र!

हे यांचं आजचं नाही. 2016 मध्ये दोन हजारांच्या नोटेत चिप आहे म्हणून टीव्हीवर रंगवून रंगवून सांगितलं, आमचे सासरे नोट ट्यूबलाइटसमोर धरून बसले होते. 23 नोव्हेंबर 2019 ला दारातल्या पेपरात मुख्यमंत्री उद्धव ठाकरे होणार होते, चहा निवेपर्यंत टीव्हीवर फडणवीसांची शपथ झालेली. (त्यात पेपरवाल्यांचा दोष नाही, मान्य. पण चिडले की मी निवाडा नीट करत नाही.) 2022 मध्ये विक्रम गोखले दवाखान्यात जिवंत असताना यांनी श्रद्धांजल्या उरकल्या. ते गेले 26 नोव्हेंबरला. दोन दिवस दम निघाला नाही?

आणि ती ‘सूत्रं’! खात्रीलायक सूत्रांकडून समजतं. कोण असतात हो ही माणसं? एकदा समोर येऊ देत, लाटणं तयार आहे.

दुपारी वर्गशिक्षिकांचा निरोप आला. आज अकरा मुलं गैरहजर. पालकांच्या ग्रुपवर म्हणे रात्री कुणीतरी पक्की बातमी टाकली होती.

दहा वाजून सतरा मिनिटांनी. ‘उद्या सुट्टी, नक्की.’ खाली माझंच नाव.