जहाज थांबेल की!

आठ जणांच्या मित्रमंडळींबरोबर भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर निघालाय? अभिनंदन. माहितीपत्रकात एका दिवसापुढे ठळक अक्षरांत 'रोम' छापलेलं असेल आणि शेजारी कंसात बारीक अक्षरांत आणखी एक नाव. ते वाचू नका. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीतली बारीक अक्षरं तरी कुठे वाचतो आपण? ते नाव चिविताव्हेक्क्या नावाच्या बंदराचं आहे आणि तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर लांब आहे. मुंबई दाखवतो सांगून लोणावळ्याला उतरवावं, तसं. पण हे कळलं तर मूड जाईल, म्हणून ते बसमध्ये बसल्यावरच कळलेलं बरं.

वेळेचा हिशेब सोपा ठेवा. जहाज सकाळी ७ ला लागतं, संध्याकाळी ७ ला सुटतं, म्हणजे हातात बारा तास! ग्रुपमधला एखादा शहाणा वहीत काहीतरी मांडत बसेल. म्हणे, बाहेर पडेपर्यंत ८ वाजतात. बंदराच्या शटल बसने लार्गो देल्ला पाचे नावाच्या थांब्यापर्यंत, तिथून स्टेशनला दुसरी बस किंवा पंधरा-वीस मिनिटं पायी. मग तिकीट, मग गाडीची वाट, मग रोमपर्यंतचा तास-सव्वा तास. म्हणजे शहरात पाय टेकायला १० वाजले. 'ऑल अबोर्ड', म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परत असायची वेळ, सुटण्याआधी अर्धा ते एक तास, म्हणून संध्याकाळी ५ पर्यंत चिविताव्हेक्क्याच्या स्टेशनात परत. एखादी गाडी रद्द झाली तरी निभावलं पाहिजे, म्हणून रोममधून ३.३० ला निघायचं. बारा तासांचे साडेपाच झाले, त्यातून जेवणाचा एक वजा. अशा माणसाला 'टेन्शन काका' म्हणा आणि पुढच्या ट्रिपला बोलावू नका.

सकाळचा नाश्ता बुफेतच करा, आणि सावकाश. पैसे भरलेत. ऑम्लेटच्या रांगेत दोनदा उभे राहा.

तिकिटाबद्दल फार विचार नको. छापील तिकीट फलाटावरच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायचा असतो, मोबाईलवरच्या तिकिटाचं गाडीत चढण्याआधी चेक-इन करायचं असतं. दोन्ही विसरा. तपासनीस आला की आठही जणांनी एकाच वेळी हिंदीत बोलायला लागा, तो घाबरून जातो. दंड मात्र इटालियनमध्ये लावतो.

व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स बॅसिलिकाला, म्हणजे पोपच्या चर्चला, जायचं असेल तर स्लीव्हलेस आणि हाफपँटच घाला. दारातला माणूस खांदे नि गुडघे बघतो, आपला चेहरा नाही.

रविवार असेल तर व्हॅटिकन म्युझियमचा प्लॅन अवश्य करा. महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर ते रविवारी बंदच असतं, त्यामुळे गर्दीचा त्रास नाही. बुधवार असेल तर सकाळी सकाळी थेट बॅसिलिकाच गाठा. पोपची जाहीर भेट असते त्या वेळी आत सोडत नाहीत. बाहेर उभं राहून हवा खा.

पाण्याच्या बाटल्या दोन-तीन युरोंना विकत घ्या. रोमभर 'नाझोने' नावाचे लोखंडी नळ रात्रंदिवस वाहत असतात, पाणी थंडगार आणि पिण्याजोगं. खालचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून धार थेट तोंडाशी येते, बाटलीसुद्धा लागत नाही. पण फुकटचं पाणी प्यायला आपण काय पुण्याहून आलोय?

आता त्रेवी कारंजं. फोटोचं शास्त्र नीट समजून घ्या. माणसं आठ. प्रत्येकाचा एकट्याचा, म्हणजे आठ. चार जोडप्यांचे चार. 'फक्त लेडीज', 'फक्त जेन्ट्स' आणि एक सगळ्यांचा. झाले पंधरा. आता हे पंधराही प्रत्येकाच्या फोनवर हवेत, कारण 'नंतर पाठवतो' म्हणणारा कधी पाठवत नाही आणि पाठवलाच तर व्हॉट्सअ‍ॅप त्याचा पार चोथा करतं. (फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर होत नाही, पण हे कोणाला सांगू नका.) पंधरा गुणिले आठ, एकशे वीस. एका फोटोला अर्धं मिनिट धरलं तरी एक तास. साडेपाचातला एक. निकोला साल्वीने १७३२ मध्ये आराखडा केलेलं ते कारंजं पुरं व्हायला १७६२ उजाडलं, तेव्हा आपण तासभर लावला तर बिघडलं कुठे? शिवाय कठड्यावर चढा, पाण्यात पाय सोडा. मग 'स्पॅनिश स्टेप्स' नावाच्या प्रसिद्ध पायऱ्यांवर जाऊन बसकण मारा. तिथे २०१९ पासून बसायला बंदी आहे आणि दंड २५० युरोंपासून पुढे. पोलीस शिट्टी वाजवतो ती आपल्यासाठी नसते, असं समजा.

टोकदार टाचांच्या सँडल विसरू नका, रोमचे रस्ते काळ्या चौकोनी दगडांचे आहेत.

टर्मिनी, म्हणजे रोमचं मुख्य स्टेशन, ते व्हॅटिकन ६४ नंबरच्या बसने जा आणि पाकीट मागच्या खिशात ठेवा. ती बस खिसेकापूंमध्ये पर्यटकांइतकीच लोकप्रिय आहे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची टीप: पांगा. बाहेर पडल्याबरोबर पांगा. कुठे भेटायचं विचारलं की म्हणा, 'कोलोसियमपाशी'. कोलोसियमपाशी म्हणजे कुठे, असं विचारणारा माणूस खवचट समजावा. ती वास्तू १८९ मीटर लांब आणि १५६ मीटर रुंद आहे, सभोवती एक चक्कर म्हणजे अर्धा किलोमीटर, तळमजल्यावर ८० कमानी. त्यातल्या ७६ कमानींवर रोमनांनी आकडे कोरले होते. इसवी सन ८० मध्ये टायटस बादशहाने ती खुली केली तेव्हापासून प्रेक्षक आपल्या आकड्याच्या कमानीतून आत जायचे नि आकड्याच्या जागी बसायचे. एका वेळी पन्नास हजार माणसं! मोबाईल नाही, लोकेशन शेअरिंग नाही, ग्रुप नाही. आणि आपली आठ माणसं, आठ स्मार्टफोन, आठ रोमिंग पॅक, पाऊण तास एकमेकांना शोधतात! आजही उभ्या असलेल्या बाजूला २३ पासून ५४ पर्यंतचे आकडे वाचता येतात. '५२ नंबरच्या कमानीखाली, १ वाजता', एवढं म्हटलं की काम झालं. पण नाही. एक जण मेट्रोच्या तोंडाशी, दुसरा कॉन्स्टंटाइनच्या कमानीखाली, तिसरा फोनच उचलत नाही कारण तो व्हिडिओ काढतोय, आणि दोघं 'पाच मिनिटांत आलोच' म्हणून मॅग्नेटच्या दुकानात. पाच मिनिटं! ह्या पाच मिनिटांची कुठल्याच घड्याळाशी ओळख नाही. ऊन डोक्यावर, सहा माणसं दुकानाबाहेर उभी, त्यातल्या एकीला मधुमेह, खायची वेळ टळून गेलेली, आणि आत काय चाललंय? एका युरोचं मॅग्नेट घ्यावं की दीड युरोचं! वर परत आल्यावर तोंड आपलंच मोठं: 'अरे, आलोय ना सुट्टीवर? चिल मार.'

चिल तुम्ही मारता. पळतात बाकीचे.

परतीचं तंत्र राहिलंच. गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधी टर्मिनीच्या मुख्य हॉलमध्ये पोहोचा. चिविताव्हेक्क्याच्या लोकलगाड्या पंचविशीच्या पुढच्या फलाटांवरून सुटतात आणि तिथवर सामान्य माणसाला चालत दहा मिनिटं लागतात, पण तुम्ही सामान्य कुठे आहात? व्हॅटिकनहून निघत असाल तर पंधरा मिनिटं चालून सान पिएत्रो स्टेशनवर तीच गाडी पकडता येते, हे तर अजिबात ध्यानात ठेवू नका. संपाचा दिवस असेल तर मजाच. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ एवढ्याच वेळात लोकलगाड्यांची हमी असते, आणि दुसरी वेळ सुरू होते तेव्हा आपलं जहाज शिडी उचलायच्या तयारीत असतं.

'जहाज थांबेल की! दोन-तीन हजार माणसं आहेत, आठ जणांना सोडून कसं जाईल?' हे वाक्य ज्यांचं आहे ते हा लेख वाचतीलच, आणि वर ग्रुपवर विचारतील, 'कोणाबद्दल आहे रे?'

तुमच्याबद्दल आहे. आणि आता सरळ ऐका. जहाज थांबत नाही. जहाज कंपनीच्याच सहलीला गेलात तर त्यांची बस येईपर्यंत सहसा थांबतं, कारण उशीर त्यांचा असतो. स्वतःहून गेलात तर उशीर तुमचा. बंदरात धक्क्याची वेळ ठरलेली असते, जहाज बंदराबाहेर काढून देणारा पायलट बोलावलेला असतो, उद्याच्या बंदरातली जागा आजच्या सुटण्यावर अवलंबून असते. तुमचे पासपोर्ट बंदरातल्या एजंटकडे सोपवून ते निघून जातं. पुढच्या बंदरापर्यंतचं विमान, हॉटेल, सगळं तुमच्या खर्चाने, आणि ते बंदर शेंगेनबाहेर, म्हणजे युरोपच्या सामायिक व्हिसाच्या देशांबाहेर, असेल तर व्हिसाचं लफडं वेगळं. बरं, सोडून गेलं असतं तर एक वेळ चाललं असतं, निदान भोगलं तरी तुम्हीच असतं. पण तुम्हाला सोडून कोणी जात नाही. ते सहा जण थांबतात. तुमच्यासाठी गाडी सोडतात, पँथिऑन सोडतात, जेवण सोडतात. आयुष्यात एकदा रोमला आलेली माणसं रोममधले अडीच तास तुमची वाट बघण्यात घालवतात आणि मैत्री म्हणून एक शब्द बोलत नाहीत. लाज वाटली पाहिजे. साठी आली, शाळेच्या सहलीतली पोरंसुद्धा शिट्टी वाजली की रांगेत येतात.

आणि मॅग्नेट चिविताव्हेक्क्यातही मिळतात. स्टेशनवरून जहाजाकडे चालत जाताना, वाटेत.