गोठलेल्या स्नोब्लोअरवर उकळतं पाणी? नका हो!

मंडळाच्या ग्रुपवर कालपासून एक फॉरवर्ड फिरतोय, तिघांनी तर मला वेगळा पण पाठवला. त्यात म्हटलंय, स्नोब्लोअर (रस्त्यावरचा बर्फ उडवून बाजूला फेकणारं मशीन) गोठला तर किटलीभर उकळतं पाणी ओता, गॅरेजचं दार लावून दहा मिनिटं इंजिन चालवा म्हणजे त्याच्या गरमीने बर्फ सुटेल, शूटमध्ये, म्हणजे बर्फ बाहेर फेकणाऱ्या नळकांड्यात, अडकलेला बर्फ इंजिन बंद करून हाताने काढा आणि शेवटी बर्फ चिकटू नये म्हणून शूटला आतून स्प्रे मारा. अमेरिकेतल्या बफेलो शहरात बरेच हिवाळे काढलेत म्हणून सांगतो, यातलं फक्त शेवटचं करा.

आधी पाण्याचं बघू, कारण हे मी स्वतः करून बसलोय. 1 लिटर उकळतं पाणी फार तर सव्वा किलो बर्फ वितळवतं, तेही सगळी गरमी बर्फालाच मिळाली तर, आणि इथे तर अर्धं लोखंडच तापवत बसतो आपण. मग हे सगळं पाणी जाणार कुठे? टू-स्टेज, म्हणजे दोन टप्प्यांच्या मशीनमध्ये बर्फ आत ओढणारा पुढचा ऑगर आपल्याला दिसतो पण खरी गोची त्याच्या मागच्या इम्पेलरची, म्हणजे बर्फ शूटमधून फेकणाऱ्या पंख्याची असते, त्याच्या पात्यांची आणि ड्रमची फट इतकी कमी की तळाशी थोडं पाणी साचून गोठलं तरी पाती चिकटून बसतात. माझं तेच झालं, ऑगरचा लिव्हर दाबला, काहीच फिरेना आणि जळक्या रबराचा वास, इंजिनवरून ते फिरवणारा पट्टा गेला. वर कोणी म्हणेल शिअर पिन असते ना, जोर आला की मुद्दाम तुटणारी, ती तुटून मशीन वाचेल, तर ती पिन ऑगरच्या शाफ्टवर असते हो, इम्पेलर अडकला तर ती काय करणार.

बंद गॅरेजमध्ये इंजिन, हे तर वाचून अंगावर काटाच आला. इंजिनच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, डोकं दुखायला लागलं तर आपण म्हणणार थंडीने दुखतंय. दार अर्धं उघडं ठेवलं तरी भागत नाही, गॅरेज घराला लागून असलं तर तो आत पण शिरतो. मशीन बाहेर काढूनच चालू करायचं, विषय संपला.

आणि हात घालू नका, इंजिन बंद असलं तरी. अडकलेल्या पात्यांमध्ये ताण राहू शकतो, बर्फ सुटला की पातं झटक्यात फिरतं आणि बोटं जातात. मशीनसोबत प्लास्टिकची काठी मिळते ती त्यासाठीच असते, हरवली असेल तर झाडूचा दांडा घ्या.

मग करायचं काय? इंजिन बंद, स्पार्क प्लगची वायर काढलेली, आणि इम्पेलरच्या बाजूला हेअर ड्रायर धरून बसायचं, अर्धा तास जातो, जाऊ दे. खाली जुना टॉवेल टाका, सुटलेलं पाणी पुसून घ्या नाहीतर उद्या परत तेच. ज्योतीची गॅस टॉर्च-बिर्च लावू नका, वर पेट्रोलची टाकी आहे. त्यापेक्षा ड्राइव्हवे साफ झाला की बाहेरच मिनिटभर ऑगर रिकामा फिरवून आतला ओला बर्फ उडवून टाका आणि बंद केल्यावर उरलेला ब्रशने झाडा, माझं तेव्हापासून एकदाही गोठलं नाहीये.

स्प्रेचं मात्र खरंय. सिलिकॉनचा नसला तर स्वयंपाकाच्या तेलाचा पण चालतो, बायको विचारते डबा दर आठवड्याला संपतो कसा, अजून सांगितलेलं नाही.