'आधी राज्यघटना वाचा' म्हणणाऱ्या वाचकांस

विशेष अधिवेशनात आधी जाहीर केलेल्या विषयांबाहेर काही आणू नये, असं सांगणाऱ्या माझ्या लेखावर 'गोदाकाठचा वाचक' या टोपणनावाने आपण लिहिलंत : "घटनेत विशेष अधिवेशन अशी चीजच नाही, मग विषयांची मर्यादा कसली? आधी घटना वाचा, मग लेखणी उचला. टेक्सासचा दाखला इथे कशाला? आणि ऐनवेळचे विषय विरोधकही आणतातच की."

लेखाचं शीर्षक भडक होतं, हे मान्य.

पण "आधी वाचा"? नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात वकिली करता करता माझे केस पांढरे झाले. कलम 174 मला कुणी उघडून दाखवायला नको. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने राज्यपाल सभागृह बोलावतात आणि दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये, अधिवेशन बोलावण्याबद्दल एवढंच ते सांगतं. विषयांबद्दल अवाक्षर नाही. अहो, लेखाची तक्रारच ती होती! आपण माझाच मुद्दा मला शिकवताय, तोही मास्तरकीच्या सुरात.

इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीचा मी सचिव होतो. विशेष सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत लिफ्टचा विषय असेल, तर पार्किंगचा ठराव मी कधी मांडू दिला नाही. दोन शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं, तरी नाही. उपविधीच तसा आहे. चाळीस फ्लॅटना जो नियम, तो कायदेमंडळाला नको?

सप्टेंबर 2023 आठवा. 31 ऑगस्टला संसदेचं विशेष अधिवेशन जाहीर झालं, विषय न सांगता. 13 सप्टेंबरला यादी आली, तिच्यात महिला आरक्षण नव्हतं. 19 ला ते पुरवणी कामकाजातून आलं, 20 ला लोकसभेत 454 विरुद्ध 2 मतांनी मंजूर. मी त्या विधेयकाच्या बाजूचाच आहे. पण घटनादुरुस्तीचा मसुदा वाचायला खासदारांना एक रात्र? आमच्याकडे साध्या दाव्यातही कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, द्यायला 30 दिवस मिळतात.

विरोधकांचं म्हणाल तर नियम दोघांनाही लागेल. पुढे.

टेक्सासमध्ये गव्हर्नरने जाहीरनाम्यात दिलेले किंवा नंतर स्वतः मांडलेले विषय सोडून विशेष अधिवेशनात कायदा करता येत नाही आणि मुदत 30 दिवसांची. विषय ठरवण्याची ती किल्ली आपल्याकडे राज्यपालांच्या हाती नको, हे मी लेखातच लिहिलं होतं. अरुणाचलच्या राज्यपालांनी अधिवेशन अलीकडे ओढून वर विषयही ठरवून दिले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2016 मध्ये नबाम रेबिया खटल्यात ते रद्दच केलं. म्हणून कलम 208 खाली सभागृहानेच स्वतःच्या नियमात लिहावं : विशेष बैठकीचे विषय सात दिवस आधी, त्याबाहेर काही नाही. हे सगळं शेवटच्या परिच्छेदात होतं. तिथपर्यंत आपण पोचला नसाल.

पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने द्या. टोपणनावाने आलेली मी ठेवणार नाही.