खिशात हात घातलेला बाप

डब्लिनच्या आमच्या उपनगरात शेतं जाऊन घरं आली, घरांबरोबर पोरं आली आणि शनिवारी सकाळी ती सगळी एकाच मैदानावर येऊन पडली. आमची सई त्यातलीच. मी फक्त तिला सोडायला गेलो होतो. पाऊस भुरभुरत होता, म्हणून हात खिशात. चुकलं ते तिथंच. गेलिक, म्हणजे आयर्लंडच्या पारंपरिक खेळांच्या क्लबात खिशात हात घालून उभा असलेला बाप म्हणजे रिकामी जागा. ती लगेच भरतात.

"जरा हे प्लास्टिकचे कोन मैदानावर मांडतोस?" एका टोपीवाल्याने विचारलं. म्हटलं, मला हर्लिंगमधलं, म्हणजे तुमच्या या काठी-चेंडूच्या खेळातलं, ओ की ठो कळत नाही. "यू'ल बी ग्रँड!" इथे 'ग्रँड' म्हणजे भव्य वगैरे नाही. 'चालतंय की', एवढंच.

पुढच्या शनिवारी गळ्यात शिट्टी आली. मग पोलीस पडताळणीचा अर्ज.

पहिल्याच सरावात स्लिटर (म्हणजे बॉल, क्रिकेटच्या चेंडूचा चुलतभाऊ, फक्त शिवण जाडजूड) माझ्याकडे गडगडत आला. मी जन्माच्या सवयीने वाकून हाताने उचलला. डझनभर हेल्मेटं गर्रकन वळली. "बाबा, फाउल!" सई पुटपुटली. जमिनीवरचा बॉल हाताने नाही, हर्लीने, म्हणजे ॲश झाडाच्या लाकडाच्या त्या चपट्या काठीने वर घ्यायचा. ते मला अजून जमलेलं नाही. मी शिकवतो मात्र.

सुरुवातीला पोरं एका नजरेत मोजता यायची. आता एकाच मैदानाचे आठ तुकडे करतो, तरी याचा बॉल त्याच्या गोलात जातोच. गाड्या लावायच्या भांडणावर तर वेगळा लेख होईल. पैसे कुणालाच नाहीत. 1884 मध्ये थर्ल्स गावी या खेळांची संघटना (गेलिक ॲथलेटिक असोसिएशन) निघाली, तेव्हापासून खेळाडू हौशीच. डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमवर ब्याऐंशी हजार लोकांसमोर फायनल खेळणाराही नंतर आपल्या नोकरीवर हजर होतो. तिथे मी शिट्टीवाला कुठल्या तोंडाने कुरकुरणार?

आता दुसरं मैदान हवंय, म्हणून क्लबाच्या लॉटरीची तिकिटं दारोदार विकायची. पुण्यात मंडळाची पोरं वर्गणीला आली की मी आतल्या खोलीत दडायचो. परवा आमच्याच गल्लीतल्या एका मराठी घराची बेल वाजवली. आतून पोराचा आवाज आला, "बाबा घरी नाहीयेत!"

गाडी मात्र दारातच होती आणि मागच्या सीटवर नवी कोरी हर्ली.