बॅक प्रेशर वाढलं म्हणजे प्लेटच गेली? नाही हो!

कूलिंगवाल्या मेकॅनिक लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, कॉम्प्रेसरचं बॅक प्रेशर (गॅस आत ओढायच्या, म्हणजे सक्शन बाजूचं) वर आणि हेड प्रेशर (गॅस बाहेर ढकलायच्या, म्हणजे डिस्चार्ज बाजूचं) खाली दिसलं की व्हॉल्व्ह प्लेट (सिलिंडरवरची झडपांची प्लेट) गेली, हेड (वरचं झाकण) खोला, नवी प्लेट टाका, गॅस्केट मिळेल ते पण जाड टाका, वरून सिलिकॉन मारा, झालं काम. फॉरवर्ड करणारे आपलेच लोक, म्हणून लिहितोय.

आधी प्रेशरचं. प्लेट पास होत असली, म्हणजे झडपेतून गॅस मागं गळत असला, की गेज असंच दाखवतं, खरंय. पण अनलोडर (लोड कमी असला की काही सिलिंडर बिनकामाचे ठेवणारा भाग) अडकला तरी असंच, हॉट गॅसचा सॉलेनॉइड (गरम गॅसच्या लाईनवरचा विजेचा व्हॉल्व्ह) लीक असला तरी असंच, आणि ऑइल सेपरेटरचा (गॅसमधलं ऑइल वेगळं करून कॉम्प्रेसरला परत देणारं भांडं) फ्लोट उघडा राहिला तरी असंच. तासगावकडं एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजला मी स्वतः हेड खोलून बसलोय, रीड (प्लेटवरच्या पातळ झडपा) ठणठणीत, आणि सेपरेटरची रिटर्न लाईन हात टेकवत नाही इतकी तापलेली, फ्लोटखाली कचरा! गॅस्केट वाया गेलं, मालकाची बोलणी खाल्ली ती वेगळीच. आता आधी पाइप चाचपतो, मग सक्शनचा सर्व्हिस व्हॉल्व्ह बंद करून पंप डाऊन, म्हणजे मशीन चालवून आतला गॅस ओढून काढायचा (पिस्टनवाल्या कॉम्प्रेसरलाच हं, स्क्रोल जातीच्या कॉम्प्रेसरला व्हॅक्यूममध्ये ओढू नका). प्रेशर खाली गेलं आणि मशीन बंद करताच काटा भराभर चढला तर डिस्चार्ज रीड नाहीतर गॅस्केटची सक्शन आणि डिस्चार्जमधली पट्टी उडालेली. पहिल्या खेपेला ऑइलमधला गॅस सुटूनही काटा चढतो, म्हणून दोन-तीनदा करायचं.

जाड गॅस्केट म्हणजे सेफ, हे तर उलटंच. स्ट्रोक ५० मिमी धरा, गॅस्केट ०.३ मिमी जाड पडलं तर ०.६ टक्के जागा जास्तीची राहिली, त्यातला दाबलेला गॅस पिस्टन खाली येताना परत फुगतो, प्रेशर रेशो (डिस्चार्जचं प्रेशर सक्शनच्या किती पट) ६ असेल तर दोन टक्क्यांच्या वर पंपिंग तिथंच खाल्लं. पातळ टाकलं तर पिस्टन प्लेटला ठोकतो. म्हणून पार्ट नंबर बघूनच घ्या, आणि हेडच्या कडेवर शीट ठेवून हातोडीनं गॅस्केट पाडायची आपली जुनी सवय सोडा, फेसला (गॅस्केट बसतं त्या सपाट भागाला) खाचा पडतात.

सिलिकॉन? आत पिळून आलेला तुकडा रीडखाली बसतो. नकोच.

आणि प्लेट तुटली कशामुळं, यावर मेसेजमध्ये एक अक्षर नाही. बहुतेक वेळा कॉम्प्रेसरमध्ये गॅसऐवजी लिक्विड आलेलं असतं, कारण कॉइलचा फॅन बंद, क्रँककेस हीटर (कॉम्प्रेसरचं ऑइल गरम ठेवणारा) जळालेला, असलं काहीतरी. एका मशीनला आम्ही वर्षात तीन प्लेटा टाकल्या, शेवटी निघालं काय, तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (कॉइलमध्ये लिक्विड सोडणारा व्हॉल्व्ह) बल्बची, म्हणजे पाइपाचं तापमान बघणाऱ्या भागाची, क्लिप सुटून बल्ब नुसताच लोंबकळत होता.