ओरडल्याने हिमस्खलन होत नाही

डिसेंबर लागला की पुण्या-मुंबईहून उत्तराखंडातल्या केदारकंठा ट्रेकच्या बॅचेस सुटतात आणि त्यांच्या मागोमाग तो मेसेज सुटतो. यंदा मला तीन ग्रुपवर आला. ‘हिमालयात जाणाऱ्यांनी जरूर वाचा’ अशी सुरुवात आणि मग पाच सूचना. बर्फात मोठ्याने बोलू नका, आवाजाने हिमस्खलन होते. बर्फ कमी पडला असेल त्या वर्षी निर्धास्त जा. ऊन पडले की धोका टळला. तंबू सपाटीवर लावा. आणि गाडले गेलातच तर धीर सोडू नका, सियाचीनमध्ये एक जवान सहा दिवस बर्फाखाली जिवंत होता.

पहिली सूचना सगळ्यांची लाडकी. सह्याद्रीत ‘आरडाओरडा करू नका’ हे मीही सांगतो, पण ते आग्या मोहोळामुळे. बर्फाला कान नसतात. ओरडल्याने हवेत जो दाब तयार होतो तो फार तर एखाद-दोन पास्कल (पास्कल हे दाब मोजायचे एकक). बर्फातला कमकुवत थर मोडायला निदान शेकडो पास्कल लागतात. स्विस संशोधकांनी 2009 मध्ये हा हिशेब नीट मांडून दाखवला आहे. सत्तर किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला की बुटाखालीच हजारो पास्कलचा दाब पडतो. तो खाली जाताना पसरत, कमी होत जातो, पण ओरडण्याच्या मानाने तरीही प्रचंड. ज्या हिमस्खलनांत माणसे सापडतात त्यांतली बहुतेक त्या माणसांच्या किंवा त्यांच्याच सोबत्यांच्या वजनाने सुटलेली असतात. म्हणजे गप्प बसून धोकादायक उतार ओलांडणारा गट धोक्यातच आहे, आणि सौम्य उतारावर भेंड्या खेळणारा मजेत आहे.

आवाज लक्षात ठेवायचाच तर बर्फाचा ठेवा. पाय टाकल्यावर खालून ‘धप्प’ असा दबका आवाज आला, किंवा पायापासून लांबवर तडा सरकत गेला, तर आतला कमकुवत थर खचला असे समजा. तिथून मागे फिरायचे.

दुसरी सूचना मला सर्वांत घातक वाटते, कारण ती शहाणपणाची वाटते. कमी बर्फ, कमी धोका, हे कोणालाही पटेल. पण डोंगरावरचा बर्फ एकसंध नसतो. दर हिमवृष्टीचा थर वेगळा, एकावर एक बसलेला. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास असतो आणि वरचा कडाक्याच्या थंडीत उघडा. मधली जाडी जेवढी कमी, तेवढा तापमानातला फरक थोड्या अंतरात कोंबला जातो. एका मीटरमागे दहा अंशांहून जास्त फरक पडला की खालच्या बर्फातून वाफ वर सरकू लागते आणि तिथले कण एकमेकांना सोडून कोरडे, टोकदार, जाड्या साखरेसारखे होतात. मुठीत दाबले तर गोळा होत नाही. मग जानेवारीत मोठी हिमवृष्टी होते, वारा तिची घट्ट लादी करतो आणि ती लादी या साखरेवर बसते. आता फक्त कोणीतरी पाय ठेवायचा बाकी. शिवाय बर्फ पातळ असेल तिथे आपले वजन त्या थरापर्यंत थेट पोहोचते. म्हणून कोरड्या डिसेंबरनंतरचा जानेवारी मला भरपूर बर्फाच्या वर्षापेक्षा जास्त बिचकवतो.

यात उताराचा प्रश्न येतो, आणि गंमत म्हणजे मेसेजमध्ये तो शब्दच नाही. लादी सुटते ती मुख्यतः 30 ते 45 अंशांच्या उतारावर. आपल्या इमारतीचा जिना साधारण तिशीच्या आसपास असतो, यावरून अंदाज घ्या. त्याहून फार खड्या कड्यावर बर्फ साठतच नाही, थोडा थोडा ओघळत राहतो. डोळ्यांना भयंकर वाटणारा कडा पुष्कळदा बरा, आणि ‘इथून सहज चढू’ असे वाटणारी रुंद नाळ, म्हणजे डोंगरातली घळ, वाईट. उतार मोजायला फोनमधले कोनमापक पुरते.

उन्हाचे म्हणाल तर, वादळानंतरच्या पहिल्या लख्ख दिवशी पुष्कळ अपघात होतात. नवा बर्फ अजून मुरलेला नसतो, वारा डोंगराच्या आडोशाच्या बाजूला भर घालतच असतो, आणि दोन दिवस तंबूत कोंडलेले लोक उत्साहाने बाहेर पडतात. वसंतात दुपारचे ऊन बर्फ भिजवून वेगळ्याच प्रकारे सोडवते. म्हणून तर तेव्हा पहाटे निघून दुपारच्या आत परतायचे असते.

अनुभवी माणूस सोबत असला की झाले, असेही याच मेसेजखाली कोणीतरी लिहिले होते. 4 ऑक्टोबर 2022 ला द्रौपदी का डांडा शिखराजवळ उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा गट हिमस्खलनात सापडला. 29 जण गेले. त्यांत सविता कंसवाल होत्या, ज्यांनी त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू सोळा दिवसांच्या आत सर केले होते.

सपाटी. वरून सुटलेला बर्फ पायथ्याशी शिस्तीत थांबत नाही, सपाटीवर बराच पुढे येतो. 4 एप्रिल 2023 ला सिक्कीममधल्या नाथू ला रस्त्यावर हिमस्खलनात सात पर्यटक दगावले, ते काही ट्रेकर नव्हते. तंबू लावताना पायाखालची जमीन नंतर बघा, आधी मान वर करा.

आता तो जवान. फेब्रुवारी 2016 मध्ये सियाचीनमधल्या सोनम चौकीवर दहा जवान गाडले गेले, त्यांत एक साताऱ्याचा होता. लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, निवाऱ्यात हवेची पोकळी राहिली म्हणून. बाकी नऊ गेले, आणि कोप्पडही 11 फेब्रुवारीला दिल्लीत वारले. याला दिलासा म्हणून फिरवणे मला बघवत नाही. स्वित्झर्लंडमधल्या नोंदींवरून 2024 मध्ये निघालेला हिशेब असा: पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी दहा मिनिटांत बाहेर काढलेले नव्वद टक्क्यांहून जास्त वाचतात, अर्ध्या तासाला हे प्रमाण तिसेक टक्क्यांवर येते. थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट होतो, हात हलत नाही. दहा मिनिटांत हेलिकॉप्टर येत नसते. शोधायचे ते सोबत्यांनीच, अंगावरच्या ट्रान्सीव्हरने (गाडलेल्याचा रेडिओ संकेत पकडणारे यंत्र), शोधकाठीने आणि फावड्याने. तुमच्या आयोजकाला ही तीन नावे घेऊन विचारा. पैसे भरण्याआधी.

आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी चंडीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा बघा. तो जिल्हानिहाय निघतो. 28 फेब्रुवारी 2025 ला बद्रीनाथजवळच्या माना गावाशी रस्तेकामगारांचा तळ गाडला गेला आणि आठ जण गेले. त्या चमोली जिल्ह्यासाठीचा इशारा आदल्या संध्याकाळी निघालेला होता.