कॅसेट साफ करून देणाऱ्या शहाण्यांनो

आमच्या फाट्यावरच्या पानठेल्यावर रोज संध्याकाळी मायकल जॅक्सनची पंचायत बसते. खोटं वाटत असेल तर दारव्ह्याकडच्या एखाद्या एसटीतून उतरा आणि पाहा. सोयाबीनला भाव नाही, कापूस घरात पडून आहे, लाइन रात्रीची म्हणून ओलिताला दोन वाजता उठायचं आहे. आणि आमची मंडळी खर्रा घोटत भांडतात कशावर, तर मायकलचं सगळ्यात भारी दोन नंबरचं लाइव्ह रेकॉर्डिंग कोणतं यावर. दोन नंबरचं म्हणजे कंपनीनं न काढलेलं. कोणी खिशात मशीन लपवून भरलेलं, कोणी साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर ओढून घेतलेलं, कोणी तिकडच्या टीव्हीवरून उतरवलेलं.

भांडा ना बाप्पा. माझी ना नाही. मी स्वतः एसटी स्टँडसमोर दहा-बारा वर्षं कॅसेट भरून द्यायचं दुकान चालवलं. लोक कोरी कॅसेट आणि गाण्यांची चिठ्ठी ठेवून जायचे, संध्याकाळी भरलेली घेऊन जायचे. मायकलचं वेड मलाच आधी लागलं, या पोरांच्या बापांना मीच लावलं. त्यामुळे भांडणाचं दुःख नाही. दुःख हे आहे की भांडणाऱ्यांतला एकही माणूस ऐकत नाही. फोनवर वीस सेकंद लावतात, पुढं सरकवतात, आणि निकाल देतात.

परवाचीच गोष्ट. एक जण छाती ठोकून म्हणतो, "बुखारेस्टच्या वर दोन नंबरचं रेकॉर्डिंग दुनियेत नाई." अरे लेका, बुखारेस्ट दोन नंबरचं आहे कुठं? 1 ऑक्टोबर 1992 चा कार्यक्रम, अमेरिकेच्या टीव्हीवर दहा दिवसांच्या आत दाखवला, 2005 मध्ये कंपनीनं त्याची रीतसर डीव्हीडी काढली. दुकानात पावतीसकट मिळणारा माल आहे तो. हे म्हणजे बाजार समितीत काटा करून विकलेल्या कापसाला चोरीचा कापूस म्हणण्यासारखं झालं. पण पोरगं मान्य करेल तर शपथ. म्हणते, "काकाजी, तुमच्या टायमाले असंन तसं." माझ्या टायमाला काय बुखारेस्ट वेगळं होतं का बे?

दुसरा योकोहामाचा. सप्टेंबर 1987, बॅड टूर नुकतीच जपानमध्ये सुरू झालेली, जपानी टीव्हीनं दाखवलेला कार्यक्रम. याचा दावा असा की तिथं मायकलचा गळा सगळ्यात वर चढला होता. मी त्याच्याकडची फाइल ऐकली. गळाच नाही, ड्रमसुद्धा वर चढलेला! ड्रमचा गळा कसा चढेल? आता हे मी जन्मभर केलेलं काम आहे म्हणून सांगतो. कॅसेटची पट्टी सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकायला पाहिजे. कॉपी करणाऱ्या डेकचा पट्टा ढिला असला की पट्टी हळू सरकते आणि भरणं हळू होतं. मग तीच कॅसेट धड मशीनवर लावली की सगळं घाईत पळतं, आवाज बारीक होतो. कॉपीची कॉपी, तिची पुन्हा कॉपी, असं चार हातांतून आलेलं असेल तर मायकल पार चिमणीसारखा बोलायला लागतो. कुठल्या तरी दुकानातल्या ढिल्या पट्ट्याला हा पोरगा गळ्याची कमाल म्हणून मिरवतो आहे. सांगितलं तर रुसला. दोन दिवस ठेल्यावर आला नाही.

तिसरा तर त्याहून वरचा. पार हलका, 128 चा एमपी3 उतरवून घेतला, त्याची मोठी फाइल बनवली आणि सांगत सुटला की माझ्याकडं लॉसलेस आहे, म्हणजे मूळ आवाजातलं काहीच न गाळलेलं. डेअरीवर रोज दूध घालणाऱ्या घरचा पोरगा आहे हा. पाणी घातलेलं दूध पाच लिटरच्या कॅनमधून दहा लिटरच्या कॅनमध्ये ओतलं तर फॅट वाढते का, हे याच्या आजीनंसुद्धा सांगितलं असतं.

आणि म्युनिकवाले. यांच्यासमोर तर मी हात टेकले. जुलै 1997, ऑलिंपिक स्टेडियम, टीव्हीवाल्यांनी उतरवलेलं, कंपनीनं कधी काढलं नाही, चित्र स्वच्छ. इथवर सगळं कबूल. मग भांडण कशाचं, तर म्युनिकला आवाज चांगला लागला की कुआलालंपूरला. अरे! सप्टेंबर 1996 मध्ये प्रागला सुरू झालेली आणि ऑक्टोबर 1997 मध्ये डर्बनला संपलेली ती टूर, 82 कार्यक्रम, आणि त्यातली बहुतेक गाणी टेपवर ओठ हलवून झालेली. नाच खरा, घाम खरा, गळा टेपमधला. गावोगावी टेपच तीच वाजत होती तर म्युनिकचा गळा आणि कुआलालंपूरचा गळा यांत फरक कुठून आणता? गळ्यावर भांडायचं तर 1987-88 वर भांडा, तेव्हा माणूस खरंच गात होता. वेम्बलीचा 16 जुलै 1988 चा कार्यक्रम घ्या. खुद्द चार्ल्स आणि डायना पुढ्यात बसलेले. तो कंपनीनं 2012 मध्ये काढला, तोही मायकलच्या स्वतःकडच्या व्हीएचएस कॅसेटवरून. चित्र धुरकट आहे म्हणून आमची मंडळी तो बघत नाहीत. धुरकट! यांच्या लग्नाची कॅसेट पाहा एकदा.

हे सगळं मी सहन करत आलो. संध्याकाळी दुसरीकडे जायचं तरी कुठं. पण गेल्या महिन्यात जे झालं त्यानं माझी झोप उडाली.

माझ्याकडं अंधेरीची कॅसेट आहे. होती म्हणू का आहे म्हणू, ते मलाच कळेना झालंय. 1 नोव्हेंबर 1996, शुक्रवार, अंधेरीचं क्रीडासंकुल. भारतातला मायकलचा तो एकुलता एक मोठा कार्यक्रम. विमानतळावर सोनाली बेंद्रे नऊवारी नेसून ओवाळायला उभी होती, तो पार मातोश्रीवर जाऊन बाळासाहेबांना भेटून आला, हे तुम्हाला माहीत असेलच. (त्या कार्यक्रमाच्या मनोरंजन कराचं घोंगडं कोर्टकचेरीत इतकं भिजत पडलं की तीन कोटींवरचा तो कर सरकारनं 2021 मध्ये माफ केला. आमच्या सोसायटीच्या कर्जाला अशी कळ काढता येत नाही.) माझा मावसभाऊ तेव्हा अंधेरीत एका कारखान्यात होता. तिकीट घ्यायची ऐपत नव्हती. म्हणून पठ्ठ्या सहा मोठे सेल घातलेला टू-इन-वन खांद्यावर घेऊन भिंतीच्या बाहेर रस्त्यावर उभा राहिला आणि नव्वदची कॅसेट भरली. दिवाळीला मूर्तिजापूरला उतरला, तिथून शकुंतलेत, आमच्या छोट्या रेल्वेत, बसून दारव्ह्याला आला, आणि फराळाच्या आधी त्यानं माझ्या हातात ती कॅसेट ठेवली.

आता ऐका त्यात काय आहे ते. मायकल आहे, पण भिंतीपलीकडचा. खालचा धबधबा तेवढा येतो, वरचा आवाज भिंत खाऊन टाकते. टू-इन-वनच्या आतल्या माइकचं एक असतं, आवाज कमी झाला की मशीन आपोआप उचलून घेते. त्यामुळे आत गाणं संपलं रे संपलं, की बाहेरचा शेंगदाणेवाला मायकलपेक्षा मोठा होतो. रिक्षाचे भोंगे. हवालदार काठी आपटत म्हणतो, "चला, पुढं चला." एक बाई चुकीच्या शब्दांत गाते आहे, अगदी जीव ओतून. कोणी तरी विचारतो, "ये कौनसा वाला है?" आणि दुसरा ठणकावून चुकीचं उत्तर देतो. मधेच माझा मावसभाऊ स्वतःशीच बोलतो, "अबे, हे तं आपल्या गनपतीत वाजलं होतं." पंचेचाळीस मिनिटं झाली की एका गाण्याच्या ऐन मध्यात खटक, कॅसेट उलटी केली, पुन्हा खटक. तेवढ्यात गाणं संपलेलं.

गळा टेपचा असेल, नाच मला दिसत नाही, पण तो रस्ता अस्सल आहे. तिकीट नसलेली माणसं भिंतीला कान लावून कशी उभी होती, ते दुनियेत दुसऱ्या कुठल्या फाइलीत आहे? म्युनिकमध्ये आहे? बुखारेस्टच्या डीव्हीडीत आहे?

तर ही कॅसेट मी या पोरांना दिली. माझीच अक्कल चरायला गेली होती. माझा डेक बंद पडलेला, आणि यांच्यातल्या एकाकडं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची सोय. म्हटलं जपून राहील. आठ दिवसांनी पेनड्राइव्ह घेऊन हसत आले. "काकाजी, लय घान होती बा कॅसेट. आमी सारा कचरा साफ केला. पब्लिक पुरी काढून टाकली. आता आयका मायकल."

मी ऐकलं.

पहिली दोन मिनिटं मला वाटलं पेनड्राइव्ह चुकीचा आहे. शेंगदाणेवाला नाही. हवालदार नाही. ती गाणारी बाई नाही. मावसभाऊ नाही. खटकसुद्धा नाही, तोही कापून जोड बेमालूम केलेला! राहिलं काय तर विहिरीत बादली पडल्यासारखा धब धब आवाज आणि त्याच्यावर पाण्याखालून बोलावं तसा मायकल. तोच टेपचा गळा, जो बाजारातल्या सीडीवर याच्या शंभरपट साफ मिळतो. म्हणजे जे फक्त माझ्याकडं होतं ते फेकलं आणि जे सगळ्या दुनियेकडं आहे ते खराब करून मला परत दिलं. ज्वारी पाखडून कोंडा घरात आणि दाणे उकिरड्यावर.

"मूळची फाइल कुठाय?" मी विचारलं.

"डिलीट मारली ना. जागा खात होती."

जागा खात होती! यांच्या फोनमध्ये चार हजार सुप्रभात पडलेले आहेत, ते जागा खात नाहीत. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं मी ज्या शेंगदाणेवाल्याला सांभाळलं तो जागा खात होता.

आणि कॅसेट? ती दिली परत. तिच्या आतली पट्टी दाबून धरणारी बारकी गादी निघून गेलेली. कुठं पडली त्यांना माहीत नाही. तशी लावली तर पट्टी हेडला टेकतच नाही, नुसती फुसफुस. जुन्या मेलेल्या कॅसेटची गादी काढून बसवता येते, मी दुकानात शंभरदा बसवली आहे. पण नव्वदची पट्टी पातळ असते, त्यात इतकी जुनी. हात पूर्वीसारखे स्थिर नाहीत आणि चांगला डेक पंचक्रोशीत उरलेला नाही. यवतमाळला एक जण दुरुस्त करतो म्हणे, तीनदा गेलो, तीनदा दुकान बंद. चष्मा लावून, स्पिरिट आणि चिमटा घेऊन बसलो की बायको विचारते, "जेवता का आता, का तुमच्या मायकलची आंघोळ राहिली?"

मावसभावाला फोन केला. तो आता कल्याणला असतो. वाटलं चिडेल. तर खुशीत हसला. म्हणाला, "बरं झालं ना बे." कारण पठ्ठ्यानं एवढी वर्षं सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं आहे की मी आत होतो, पुढून तिसऱ्या रांगेत. बाहेर उभा असल्याचा पुरावा त्या कॅसेटमध्येच होता. पुरावा पोरांनी फुकटात साफ करून दिला. आता तो त्यांना कल्याणला जेवायला बोलावतो आहे.

काल संध्याकाळी पुन्हा ठेल्यावर गेलो. जायचं नाही असं ठरवून गेलो. पंचायत भरलेली होती आणि विषय होता अंधेरी. ती साफ केलेली फाइल आता फोनाफोनांतून फिरत दिग्रसपर्यंत पोचली आहे म्हणे. तिथल्या कोण्या जाणकारानं ऐकून निकाल पाठवला होता, आणि तो आमचा लॉसलेसवाला सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवत होता: अंधेरीचं हे रेकॉर्डिंग बनावट आहे, कोणी तरी घरात बसून बनवलं आहे, कारण यात पब्लिकचा आवाजच नाही.

"काकाजी," तो माझ्याकडं वळून म्हणाला, "तुमाले फसवलं बा कोनंतरी."

मी खर्ऱ्याचे पैसे दिले आणि पुडी तिथंच ठेवून घरी आलो. चिमटा अजून टेबलावरच आहे.